फियाटला नवा कार्बोरेटर

पहिल्याच सेल्फला फियाट सुरू झाली आणि नानाजींचं तोंड उतरलं.

"ऐका, ऐका आवाज!" सुशील मिस्त्री बॉनेटवर थाप मारत म्हणाला. तीन दिवस त्यानं अंगाचं पाणी केलं होतं. जुना कार्बोरेटर काढून मोठा बसवला, हवा आणि पेट्रोल इंजिनात नेणारा पाइपांचा जोडही नवा टाकला. सगळं सामान नानाजींच्या मुलानं, चेतननं, बंगलोरहून पाठवलेलं. वर फोनवरून हुकूम, बाबा, आता सकाळी-सकाळी लोकांच्या हातापाया पडणं बंद.

"आता या गाडीनं धक्का मागितला तं माहं नाव बदला, नानाजी."

"हाव ना गा," नानाजी म्हणाले. "हुशार आहे तू."

सुशील हात पुसत कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेला.

समोरच्या गच्चीवरून यमुताई डोकावल्या. "झाली का सुरू एकदाची? बाप्पा! सुटलो आम्ही." आणि त्या आत गेल्या. शेजारचा देवराव बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून फाटकापर्यंत आला होता. इंजिनाचा आवाज ऐकून त्यानं हात वर केला आणि तिथूनच परत फिरला. पलीकडच्या घरातला कुशल तर बाहेरच आला नाही.

आता काय सांगावं! प्रताप नगरच्या या गल्लीत रोज सकाळी साडेआठला ही गाडी अडायची आणि रोज तीन-चार माणसं गोळा व्हायची. गाडीला शिव्या घालायची, हसायची, ढकलायची. एखादा विचारायचा, रात्री जेवले का? गाडी चौकापर्यंत जायची आणि अर्धा लिटर दूध घेऊन परत यायची. ते दूध पायी आणलं असतं तरी काही नासलं नसतं. पण दिवसभरात नानाजींशी कोणी माणूस बोलायचं ते तेवढंच. बाकी घरात टीव्ही बोलायचा आणि नानाजी ऐकायचे.

ते गाडीत बसून राहिले. इंजिन इतकं गोड चाललं होतं की त्यांना त्याचा रागच आला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं, चावी काढून मुठीत दाबली आणि काचेतून डोकं बाहेर काढलं.

"देवराव! ए कुशल! बंद पडली गा! या जरा!"

आली की मंडळी! देवराव टॉवेलासकट आला, कुशल ऑफिसचे बूट कसेबसे पायात अडकवत आला, यमुताईसुद्धा पदर खोचून खाली उतरल्या.

"तरी मी म्हटलं, ही एवढ्यात कशी सुधरन!" देवराव खूश होऊन म्हणाला. "काहून गा नाना, पोराची हौस पाण्यात गेली ना?"

"ते जाऊ द्या," यमुताईंनी काचेशी वाकून विचारलं, "बीपीची गोळी घेऊन राहिले ना तुम्ही?"

"घेऊन राहिलो वं," नानाजी म्हणाले आणि त्यांना एकदम बरं वाटलं. गोळी काल घेतलीच नव्हती, आज घ्यायची असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

"हं, लावा जोर!" कुशल ओरडला. गाडी हलली. मागं हसणं-खिदळणं, देवरावचं धापा टाकणं, यमुताईंचं "अरे हळू, हळू!" नानाजी आरामात स्टीअरिंग धरून बसले होते. कोपऱ्यावर टपरी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, तोवर उशीर झाला होता.

सुशील चहाचा ग्लास तसाच ठेवून धावत आला. "थांबा! असं होऊच शकत नाही!"

"या मिस्त्री," देवराव म्हणाला. "तीन दिवस काय झोपा काढल्या का गा?"

टपरीवरची माणसं हसली. सुशीलचे कान लाल झाले. त्यानं बॉनेट उचललं, वायरी चाचपल्या, नव्या कार्बोरेटरवर हात फिरवला. सगळं जागच्या जागी होतं. तो तणतणत काचेपाशी आला.

"चावी फिरवा, नानाजी."

नानाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा बोलला की संपलं. गल्ली हसेल ते हसेल, पण उद्यापासून कोणी येणार नाही. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मांडीवरची मूठ थोडी उघडली.

सुशीलनं चावी पाहिली. नानाजींच्या तोंडाकडे पाहिलं. मग मागं उभ्या असलेल्या तिघांकडे पाहिलं. देवराव टॉवेलानं घाम पुसत होता, यमुताई पदरानं वारा घेत होत्या, कुशल घड्याळाकडे बघत होता, पण जात नव्हता. सुशील वळला. पुढं जाऊन त्यानं बॉनेट खाली पाडलं.

"चुकलं माहं," तो मोठ्यानं म्हणाला. "नवा कार्बोरेटर मले जमला नाही."

"मंग माह्या जीपचं काम राहू द्या, मिस्त्री," टपरीवरून कोणीतरी म्हणालं.

सुशीलनं मान हलवली आणि मागं जाऊन देवरावच्या शेजारी डिकीला हात लावला.

"किती दिवस ढकलावं लागन गा आता?" कुशलनं विचारलं.

"माह्या कामाचा भरवसा नाही, भाऊ," सुशील म्हणाला. "रोज येत जा."