तिसऱ्या स्लाइडच्या पुढे

हॉटेलमालक तिसऱ्या स्लाइडला झोपले.

नुसते पेंगले नाहीत. गाद्यांच्या शोरूममध्ये, प्रोजेक्टरच्या उजेडात, बूट काढून, हात पोटावर घेऊन रीतसर झोपले. गादीवर आडवं होऊन बघा, अशी विनंती स्लाइड दाखवणारीनेच केली होती. गिऱ्हाइकाला सहभागी करून घ्या, असं सादरीकरणाच्या वर्गात दुसऱ्या संध्याकाळी शिकवलं होतं. पण त्याआधी, पहिल्याच संध्याकाळी, सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की समोरचा झोपला म्हणजे तुम्ही संपलात. दोन्ही धडे एकाच माणसावर एकदम वापरायची वेळ येईल, हे काही सर बोलले नव्हते.

ती कंपनीच्या डिस्पॅच विभागात होती. गाद्या ट्रकमध्ये चढवून घ्यायच्या, दोरी ओढून बघायची, पुढचा ट्रक. या हॉटेलची ऑर्डर मिळाली तर विक्री विभागातली रिकामी खुर्ची तिची. नाही मिळाली तर उद्या पुन्हा ट्रक. साहेबांनी हे तिला सकाळी जिन्यात सांगितलं होतं आणि वर म्हणाले होते, "काय डिस्पॅच, टेन्शन नाही ना घेतलं?" तोपर्यंत नव्हतं घेतलं.

तयारीत तिने कसर ठेवली नव्हती. महिनाभर घरी सासूबाईंना समोर बसवून सराव केला. सासूबाईंनी एकदाही कुरकुर केली नाही. उलट जेवणं झाली की त्याच विचारायच्या, "आज नाही का गं ते स्प्रिंगांचं?" स्प्रिंगांची स्लाइड तिसरी. तिच्या पुढे काय आहे, हे मात्र त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

साहेब कोपऱ्यातून हातवारे करू लागले. आधी 'आवाज वाढवा', मग 'हलवा त्यांना', मग एक असा, की ज्याचा अर्थ कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. मालकांनी घोरून त्याची पोच दिली.

शेजारच्या खुर्चीत मालकांची बहीण बसली होती. हॉटेलात काय घ्यायचं ते बहीणबाई ठरवायच्या, मालक सही करायचे. त्या उठल्या, गादीपाशी गेल्या आणि वाकून भावाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"दादा झोपलाय," त्या कुजबुजल्या.

"माफ करा हं ताई," साहेब म्हणाले, "जेवण जड झालं असेल."

"जेवण कसलं? अहो, नवं हॉटेल बांधायला काढल्यापासून याच्या डोळ्याला डोळा नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, डोक्याला तेलं झाली. रात्रभर जुन्या हॉटेलच्या गच्चीवर फेऱ्या मारतो आणि खाली पाहुण्यांना वाटतं चोर शिरला." बहीणबाईंनी भावाच्या कपाळावरून हलकेच हात फिरवला. पण त्यांच्यातली खरेदी करणारी बाई लगेच सावध झाली. "मला एक सांगा. हा गादीमुळे झोपला, की तुमच्या बोलण्यामुळे?"

"गादीमुळे," साहेब म्हणाले. प्रश्न त्यांना नव्हता, पण उत्तर तयार होतं.

बहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या तिच्याकडे बघत होत्या.

तिचं स्प्रिंगांचं बोलणं इतका वेळ खालच्या आवाजात चालूच होतं. "मी थांबून बघते," ती म्हणाली.

आणि थांबली. वर्गात सर कानीकपाळी ओरडायचे, महत्त्वाच्या जागी गप्प बसायला शिका. ते तिला कधीच जमलं नव्हतं. आत्ता जमलं. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

मालकांनी डोळे उघडले.

"थांबलात का?" ते म्हणाले. "स्प्रिंगांचं चाललं होतं ना?"

साहेब मटकन खाली बसले. खाली स्टूल होतं, हे कंपनीचं नशीब.

तिच्या मात्र अंगात वारं शिरल्यासारखं झालं. खुर्ची जाणार असेल तर जाऊ दे, पण हे असं आपल्याला येतं, हे तिला आजच कळत होतं. तिने आवाज सासूबाईंपुढे असतो तसा खाली आणला. "हो. तर प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत असते. म्हणजे एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याला..."

दुसऱ्याला काय होतं, ते मालकांनी ऐकलं नाही.

तिचं बोलणं चालू असताना बहीणबाईंनी गादी तळव्याने दाबून पाहिली. कडेला बसून पाहिली. शिवण उलटी करून पाहिली. मग त्या हळूच म्हणाल्या, "गादी चांगलीच आहे. सगळ्या खोल्यांना हीच द्या. पण हे तुमचं बोलणं रेकॉर्ड करून मिळेल का? प्रत्येक उशाशी एक बटण लावून घेऊ."

"मिळेल की," साहेब स्टुलावरून उठले. "गादीबरोबर फु..."

"ते वेगळं पडेल," ती म्हणाली. मालक जागे होणार नाहीत, एवढ्याच आवाजात.

बहीणबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. गादीची शिवण बघितली होती, तसंच.

"पडू दे," त्या म्हणाल्या. "पण सगळं द्या. शेवटपर्यंत. आत्ता ऐकवा, म्हणजे मला अंदाज येईल." आणि चपला काढून त्या शेजारच्या गादीवर आडव्या झाल्या.

साहेब पावलं न वाजवता लॅपटॉपपाशी गेले. बटणावर बोट ठेवून तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"मॅडम," त्यांनी कुजबुजत विचारलं, "पुढची लावू?"