चौथा सॅमन

पिशवीतला मासा उन्हानं कोमट व्हायच्या आत घर गाठायचं म्हणून ड्रायव्हरबाई जिना जवळजवळ धावतच चढली. गल्लीत तिला ड्रायव्हरबाईच म्हणत. इतकी वर्षं बस चालवल्यावर माणसाला दुसरं नाव उरत नाही. दार ढकललं तर आतून माशाचा वास आला. शेगडीसमोर नवरा उभा होता, गळ्यात मोजपट्टी तशीच.

"अगं, आत्ताच कशी आलीस?" तो दचकला. खाली त्याचं शिंप्याचं दुकान होतं आणि उन्हाळा म्हणजे लग्नाच्या कपड्यांची घाई. "जरा बस बाहेर. होतच आलंय."

तव्यावर सॅमनचे तुकडे होते, कातडीची बाजू खाली, सगळे एका मापाचे. ते त्यानं पट्टी लावूनच कापले असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

"हे काय आज?"

"सकाळी तूच म्हणालीस ना, या उकाड्यात सॅमन बरा, चटकन होतो म्हणून."

म्हणाली होती खरी. पण सकाळच्या वेळी या घरात बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नवऱ्याच्या तोंडात टाचण्या, मुलीच्या कानात गाणी, आणि सासऱ्यांचा एक बूट सापडत नव्हता. कुणी मान वर करून 'हूं'सुद्धा म्हटलं नव्हतं. शेवटी तीच येताना मासा घेऊन आली होती.

आणि म्हणूनच मोठ्या साहेबांना काय सांगायचं ते तिनं दुपारीच, शेवटच्या स्टॉपवर बस उभी असताना, ठरवून टाकलं होतं. अख्खा डेपो सांभाळशील का, असं साहेबांनी विचारलं होतं. ड्रायव्हर, बसेस, वेळापत्रक, सगळं. संध्याकाळी फोन करतो म्हणाले होते. घरी यायला रोज उशीर होणार, तेव्हा ती नाही म्हणणार होती. घरात तिनं हा विषय काढलाच नव्हता. काढून करायचं काय? तिच्यावाचून इथे पान हलत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमानही होता.

"बाबा! हे काय चाललंय?" दारात मुलगी उभी. तलावावर पोरांना पोहायला शिकवून आलेली, केस अजून ओले, हातात पाव. "पाव आणायला गेले तेवढ्यात? मी करून ठेवलंय की! ओव्हन उघडून बघायला काय झालं होतं?"

"ओव्हनमध्ये मासा बसलाय हे मला स्वप्न पडणार होतं का?"

मुलीनं तणतणत ट्रे बाहेर काढला. फॉइलच्या पुड्या, आत सॅमन, त्यावर लिंबाच्या चकत्या आणि वितळलेलं लोणी.

"भांडू नका रे," म्हणत सासरे आत आले. निवृत्त झाल्यापासून बुद्धिबळ मंडळापायी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ते तडक फ्रिजकडे गेले आणि सगळ्यांत मागून एक झाकलेलं भांडं काढलं. "उन्हाळ्यात गरम खातं का कुणी? मी दुपारीच उकडून गार करून ठेवलाय. दही, काकडी, मिरपूड. सूनबाई, तू बस. आज वाढणार मी."

उभ्या आयुष्यात या गृहस्थांनी कप विसळला नव्हता.

"आई, तुझ्या पिशवीत काय आहे?" मुलीनं विचारलं.

आईनं मुकाट्यानं पुडकं काढून ओट्यावर ठेवलं. तिघंही वाकून बघतात तर आत सॅमन. मग नवरा हसत सुटला. "चार माणसं, चार मासे, आणि एकमेकांशी बोलायला वेळ एकालाही नाही!"

तिनं आपला मासा फ्रीझरमध्ये टाकला आणि जेवायला बसली. सवयीप्रमाणे खोड काढायला सुरुवात केली. नवऱ्याच्या तुकड्यांची कातडी तव्याला चिकटली होती. मुलीची एक पुडी कडेनं कोरडी पडली होती. सासऱ्यांच्या मिरपुडीनं त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. तरी तिनं तिन्ही पुन्हा वाढून घेतले. म्हणजे आपल्यावाचूनही चालतं तर, असं आत कुठेतरी टोचलं. पण ते दोन घास. तिसऱ्या घासाला तिला आपल्या या माणसांचा इतका अभिमान वाटला, की तो दिसू नये म्हणून ती पाण्याचा पेला तोंडाला लावून बसली.

"मग? कुणाचा फक्कड?" नवऱ्यानं विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. ती उठून बाहेर गेली नाही.

"हो, साहेब. ठरलंय." मग जरा थांबून, "घरच्यांना? विचारलं असतं साहेब, पण इथे एकाचंही तोंड रिकामं नाही. माझं हो आहे. उद्यापासून डेपो मी बघते."

तिनं फोन ठेवला तेव्हा तिघंही चावायचे थांबले होते.

"सगळा डेपो?" सासऱ्यांनी विचारलं.

"सगळा."

"सगळ्या बसेस?"

"सगळ्या, अप्पा. रोज उशीर होईल मला."

नवरा तव्याकडे वळला. तव्यातला कातडी न फाटलेला एकुलता एक तुकडा त्यानं उचलून तिच्या ताटात ठेवला. मुलगी नुसती "आई!" ओरडली. सासरे ताठ बसले. "उद्या मंडळात एकेकाला गाठून सांगतो."

"ते नंतर," ती म्हणाली. आवाज आपोआप डेपोतला लागला. "आधी मला कळू दे, उद्याचा स्वयंपाक कोण करणार?"

तिघांचेही हात एकदम वर गेले.