वाळवंटाची साक्ष

'शन्कम' म्हणजे पाणवठ्यावर येऊनही पाणी न पिणारा उंट, असं कूफ्याच्या बिश्रने आपल्या शब्दकोशात लिहिलं होतं. "घरबसल्या पाडलाय शब्द," बसऱ्याचा पंडित हुमैस चारचौघांत सांगायचा. "त्या दिवट्याने उंट तरी जवळून पाहिलाय का कधी?"

अरबी शब्दांच्या बाबतीत शहराचा वारा न लागलेल्या, वाळवंटात भटकणाऱ्या बदूंची साक्ष दोन्ही गावांचे पंडित अंतिम मानत. म्हणून बिश्रचं पितळ उघडं पाडायला हुमैस नऊ दिवस हाडं खिळखिळी करून घेत वाळवंटात पोचला.

तिथे एका तंबूतल्या म्हाताऱ्या उम्म रुकैमने शब्द ऐकताच घडाघडा सांगितलं. शन्कम म्हणजे तसला उंट, शन्कमा म्हणजे तसली उंटीण आणि मुशन्किम म्हणजे जेवायला बसून नाक मुरडणारा पाहुणा.

हुमैसचा चेहरा पडला. तरी रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "आजी, हा शब्द तुम्ही कुणाकडून ऐकलात?"

"गेल्या साली तुझ्यासारखाच एक रिकामटेकडा आला होता, बिश्र नावाचा. आठ दिवस माझ्याकडून घोकून घेतलं मेल्याने, पण खजुराच्या दोन गोणी देऊन गेला."

म्हातारीने त्याच्या उंटावरच्या सामानाकडे नजर टाकली.

 

"तुझा कुठला शब्द पाठ करायचाय?"