वीस पॉइंट नऊ

"उतरा ना, दिगंबरराव," सुहासिनीबाई म्हणाल्या. "हवा चांगली आहे असं आपणच लिहिलंय."

दिगंबर दुधाच्या टँकरवर उभा होता. एक पाय टाकीच्या तोंडात, शिडीवर. दुसरा अजून बाहेर. डेअरीच्या या तपासनीस बाईंना वरून बॅटरी मारल्यावर तळाशी साय चिकटलेली दिसली होती, आणि दिगंबरने ती जवळून पाहावी असा त्यांचा आग्रह होता. हडपसरच्या या यार्डात टँकर आतून घासायचं काम सोनबाचं. दिगंबरचं काम आतली हवा मोजून त्याच्या उतरण्याचा परवाना भरण्याचं. कसबा पेठेतून इस्त्रीचा शर्ट घालून येणारा माणूस टाकीत कशाला उतरतो?

परवान्यावर सुरेख अक्षरात टाकीतला आजचा प्राणवायू होता: वीस पॉइंट नऊ टक्के. कालही तोच. अकरा दिवसांत हवेने एकदाही मन बदललं नव्हतं.

सोनबा मागोमाग वर चढला आणि छातीवर अडकवलेलं हवेचं मीटर काढू लागला. "हे घ्या, सायेब. हवा बिघडली की बोंबलतं म्हनं. पर लई गुणाचं हाय, आजवर येकदा बी बोंबललं न्हाई."

दिगंबरने पाय बाहेर काढला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"त्याचा सेल गेलाय."

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

बाईंनी परवान्यांची फाईल चाळली. "मग हे वीस पॉइंट नऊ कशानं मोजलंत? नाकानं?"

आज सकाळीही टाकी आम्लाने धुऊन निघाल्यावर सावलीतून ओरडला होता दिगंबरच, "जा रे सोनबा, हवा फर्स्टक्लास!" मीटरवर आकडे का दिसत नाहीत, असं सोनबाने एकदा विचारलं, तेव्हा 'उन्हात दिसत नाहीत' असं सांगणाराही तोच.

"आत अंधार असतो, सायेब," सोनबा चाचरत म्हणाला, जणू चूक त्याचीच होती. "तिथं बी दिसंनात. मला वाटलं, माजंच डोळं गेलं. परवा स्वारगेटला जाऊन चष्मा केला."

त्याने खिशातून नवाकोरा चष्मा काढून डोळ्यांना लावला. आधी मीटरच्या काळ्या काचेकडे निरखून पाहिलं. मग दिगंबरकडे.

दिगंबर खाली वाकला, टाकीच्या तोंडातून मान आत घातली आणि तळाची साय शोधत राहिला.