डाव्या बाजूची चापट

वाचनालयातल्या माझ्या जुनाट मॉनिटरवरचं चित्र थरथरायला लागलं, की मी त्याच्या डाव्या बाजूला एक चापट ठेवून द्यायचो. लगेच ताळ्यावर यायचं. बारा वर्षं हेच औषध.

आज ते लागू पडेना, म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"मारता कशाला, साहेब? म्हातारं झालंय ते," म्हणत तो टेबलाखाली शिरला आणि त्यानं वायर उपसली. पडदा काळा झाला.

काळ्या काचेत मी दिसलो, अगदी स्थिर. इकडे माझे हात मात्र लटलट कापत होते.

काचेतल्या माझ्या चेहऱ्यानं वैतागून च्यक् केलं. हात उचलला.

माझा डावा गाल सणसणला.

"थांबली का थरथर?" वायर परत खोचत त्यानं टेबलाखालून विचारलं.

"थांबली," मी गाल चोळत म्हणालो.