बादशहाचे पेढे

सामानाच्या बैलगाडीत दोन पेट्या चढल्या, तशी पंचफुला पुन्हा उंबऱ्यावर ठाण मांडून बसली.

"मी नाही येत सदरले. रुपा आला न् दाराले कुलूप दिसलं त?"

श्रीधरने कपाळाला हात लावला. सरकारी नोकरीत लागल्यावर त्याला दूरच्या सदर भागात क्वार्टर मिळालं होतं, चांगलं नळाचं पाणी असलेलं, आणि माय कोष्टीपुऱ्यातलं हे गळकं घर सोडेना.

"रुपा हरवून सव्वीस वर्षं झाले, माय! काहून हट्ट करून राहिली वं?" मग बापाकडे वळून तो म्हणाला, "बाबा, आता तुमीच समजावा हिले." आणि तो गाडीवाल्याकडे निघून गेला.

 समजावण्यासारखं एकच होतं, आणि तेच मारोतरावांनी इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं.

श्रीधर आठ दिवसांचा होता तेव्हाची गोष्ट. तिकडे विलायतेत बादशहा मोठ्या दुखण्यातून उठला, म्हणून इकडे देवाचे आभार मानायचा हुकूम सुटला. शाळेची पोरं मैदानात उभी केली. बँड वाजला, प्रार्थना झाली, पेढे वाटले. त्यांचा थोरला, सात वर्षांचा रुपा मायसाठी अजून एक पेढा आणायला पुन्हा गर्दीत घुसला आणि रेटारेटीत लोकांच्या पायाखाली आला. कुठल्या मुलखाचा राजा जगला, आणि मेलं कोणाचं पोर!

पंचफुला आतल्या खोलीत बाळंतीण. ऐकलं असतं तर तिनं जीवच सोडला असता. मारोतराव गुपचूप घरात शिरले, मागावरच्या अर्ध्या विणलेल्या लुगड्यातून कापड कापलं आणि त्यात पोराला गुंडाळून नाग नदीच्या काठी पुरलं. सोबत फक्त शाळेचे मास्तर होते. घरी येऊन मारोतरावांनी सांगितलं, रुपा गर्दीत हरवला.

तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला ते "रुपाले पाहून येतो" म्हणत निघायचे. पंचफुला दोन पेढे बांधून द्यायची. "सापडला त देजा." परत आले की त्यांच्या नदीच्या चिखलानं भरलेल्या पायांवर पाणी घालायची, विचारायची मात्र काही नाही. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. चार ठिकाणी बसत बसत गेले, पण गेले.

आता ते तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकले.

"पंचफुला, रुपा येणार नाही वं. त्याच दिवशी गेला तो. मी या हातानं त्याले मातीत ठेवला." म्हातारा हमसून हमसून रडू लागला. "मी तुले फसवलं."

पंचफुलेने पदराने त्यांचे डोळे पुसले.

"मले मालूम हाये."

"कसं वं?" मारोतरावांनी मान वर केली.

"त्या लुगड्याचा ताणा मीच मोजून देल्ला होता. बाळंतपणातून उठून पाह्यलं त लुगडं चार हात कमी. कोष्ट्याच्या घरी मागावरचं अर्धं कापड मयतासाठीच कापते, हे मले समजत नाही काय?"

बाहेर श्रीधर हाका मारत होता. गाडीवाल्याची चुळबूळ चालली होती.

"मंग हे घर काहून सोडत नाहीस?" मारोतरावांनी कसंबसं विचारलं.

तिने त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"इथून नदी जवळ हाये. सदरातून तुमचे हे पाय रुपापाशी पोचतीन काय?"