हिरवे ठिपके

नववीची मुलं टूथपिकने गालाची आतली बाजू खरवडून काचपट्टीवर पसरत होती. सबनीस बाई बाकांमधून फिरत होत्या, पण त्यांचं लक्ष सारखं मृण्मयीकडे जात होतं. काल तिची आई येऊन रडली होती. "बाई, जन्माआधीच आम्ही तिची जनुकं बदलून घेतलीत. तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीच काहीतरी करा." अशा माणसाच्या प्रत्येक पेशीत कंपनीची खूण असते आणि रंग घातला की ती हिरवी दिसते, हे वर्गात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मृण्मयीने निळ्या रंगाचा थेंब टाकला.

"कव्हरस्लिप एकदम टाकलीस तर बुडबुडे राहतील. आण, मी ठेवते," म्हणत बाईंनी तिची काचपट्टी घेतली. पाठमोऱ्या होऊन ती ॲप्रनच्या खिशात टाकली आणि सकाळी घाईघाईत केलेली स्वतःच्या गालाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

मृण्मयीने डोळा लावला.

"बाई," ती कशीबशी म्हणाली, "सगळीकडे हिरवे ठिपके आहेत."

बाईंनी तिला बाजूला करून पाहिलं. फोकस पुढे केला, मागे केला. ठिपके जाईनात. तू अगदी तुझ्या आत्यावर गेलीस, असं बाईंची आई त्यांना आयुष्यभर सांगत आली होती.

मागची मुलं कुजबुजायला लागली. मृण्मयी बाहीने डोळे पुसू लागली.

"रडू नकोस," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही काचपट्टी माझी आहे."